आवडाबाईची हाळी

"हाऽऽ हाऽऽ! हुर्रऽऽ हाऽऽ!"

आवडाबाईच्या तोंडून हाळी सुटली आणि अंगणातला मोर जो उधळला तो कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर आणि तिथून थेट डोंगराकडे. मागे राहिली सांडलेली बाजरी आणि गेटपाशी मोबाइल उंच धरून उभ्या असलेल्या गल्लीतल्या बायका. मोराला हाकलणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

सून कावेरी स्वयंपाकघरातून धावत आली. "आई! अवो काय केलं हे?"

"डोळा लागला व्हता गं," आवडाबाई पुटपुटली. "उघडला तं समोर मोर. दाण्यावर."

चूक झाली हे तिलाही कळलं होतं, पण ते कळायच्या आधीच गळ्याने आपलं काम उरकलं होतं. त्या गळ्याला दुसरं काम कधी माहीतच नव्हतं.

करमाडच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की आवडाबाई वावरातल्या उंच माळ्यावर चढायची, ती पाखरं हाकलायला. नवरा सांडू गोफण घेऊन खाली असायचा, पण त्याच्या गोफणीतला दगड पाखरं सोडून बाकी सगळीकडे जायचा. त्यामुळे सगळी भिस्त आवडाबाईच्या आवाजावर. शेजारच्या वावरातली माणसं तिच्या भरवशावर बांधावर खुशाल आडवी व्हायची. "आवडा वरडती ना, मंग आपण कशाला घसा फोडा?" असं म्हणायची. ते ऐकून सांडू असा छाती काढून चालायचा, जसं काही तोच ओरडत होता.

पुढे कारखान्यांसाठी जमीन गेली. त्याच साली सांडूही गेला. मुलाने, बद्रीनाथने, शहराच्या कडेला डोंगराच्या पायथ्याशी घर बांधलं आणि आईला घेऊन आला. घर चांगलं होतं, सून जीव लावणारी होती. फक्त आवडाबाई काही बोलली की स्लॅब घुमायचा आणि दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, "आई, हळू. इथंच हाव आम्ही."

कावेरीलाही इथे करमत नव्हतं. ती पिशोरसारख्या लहान गावातली. गल्ली शिकलेल्यांची, नोकरदारांची. येता-जाता हसण्यापलीकडे कुणी तिच्या दारात पाय ठेवत नसे. मग तिने शेवग्याच्या फांदीला बर्ड फीडर टांगला, प्लास्टिकचा, खालच्या ताटलीत दाणा उतरणारा. आधी चिमण्या आल्या, मग होले, आणि एके दिवशी खाली सांडलेलं टिपायला डोंगरातून मोर उतरला. मोरामागून बायका आल्या. चहा होऊ लागला. पलीकडचे निवृत्त प्राध्यापक अनंतरावसुद्धा सकाळी भिंतीवरून विचारू लागले, "काय, आमचे पाहुणे आले का?" कावेरी इतकी खूश, की चहाला नवे कप काढले.

आवडाबाई हे सगळं ओट्यावरून बघायची. सून रोज बाजरी भरते आणि पाखरांची वाट बघते, हे बघून तिच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. एकदाच ती म्हणाली होती, "बाजरी लई झाली का गं?" कावेरी हसली होती.

आता मात्र ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती, तेच वाईट. संध्याकाळी बद्रीनाथ चपला काढता काढता म्हणाला, "आई, हे काय वावर हाय का? लोकं काय म्हणतेत."

"नाय वरडनार," आवडाबाई म्हणाली.

आणि खरोखरच ती गप्प झाली. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची. करमाडहून भावाचा फोन आला तेव्हा इतकं हळू बोलली, की तो बिचारा "हॅलो, हॅलो" करून कंटाळला आणि त्याने फोन ठेवून दिला. मोर काही परत आला नाही. चार दिवस वाट बघून बायका यायच्या थांबल्या. नवे कप पुन्हा कपाटात गेले.

श्रावणातल्या एका दुपारी वानरं आली.

चार-पाच गच्चीवर गेली आणि एक वानरी, पोटाला पिल्लू बिलगलेलं, सरळ फीडरला येऊन लोंबकळली. ताटली वाकडी झाली, बाजरी भळाभळा खाली आली. अनंतरावांनी भिंतीपलीकडून काठी आपटली. वानरीने दात दाखवले, तसे ते घरात गेले. कुणीतरी फटाके शोधा म्हणून ओरडलं. कावेरी दाराआड उभी होती.

"आई," ती म्हणाली, "तुम्हीच हाकला आता. द्या ना आवाज."

आवडाबाईने सुनेकडे बघितलं. इतक्या दिवसांत तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर कमरेला खोचला, छाती भरून श्वास घेतला. दाराआडून कावेरीला वाटलं, आता घर दणाणणार.

वानरी तिच्याकडे बघत गालात दाणे कोंबत होती. पिल्लाचा हात आईच्या तोंडाशी गेला, तिने तो बाजूला केला आणि आणखी कोंबले.

आवडाबाईने श्वास सोडून दिला.

"ही बाजरी कुठली गं?"

"दुकानातली. का?"

"आपल्या वावरातली नाय ना."

"आपलं वावर कुठंय आता, आई?"

"तेच म्हन्ते मी," आवडाबाई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "हाकलायचं कशापायी? राखावं असं हाय काय आपलं?"

सासू गप्प झाली ती आपण रुसलो म्हणून नव्हे, राखायला काही उरलंच नाही म्हणून, हे कावेरीला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि फार वाईट वाटलं. ती दाराबाहेर आली.

"खाऊ दे," आवडाबाई म्हणाली. "लेकुरवाळी हाय."

राखणीला बसलेली बाई पिकाकडे पाठ करत नाही. जेवते तीही पिकाकडे तोंड करून. आवडाबाई ओट्यावर परत आली, खोचलेला पदर सोडला, आणि बाजरी खाणाऱ्या वानरीकडे पाठ करून घराच्या भिंतीकडे तोंड करून बसली.