मागच्या काचेतला दिवा

…आणि दिवा तरी केवढा, मसुरीच्या डाळीएवढा. पण पेटतोय-विझतोय, पेटतोय-विझतोय, एखाद्याचा डोळा लवत राहावा तसा — राहीबाईचे हात सुपातल्या बाजरीत तसेच थांबले. गाडी रोजच्याच जागी, लिंबाखाली, तोंड रस्त्याकडे आणि पाठ ओट्याकडे करून उभी होती, आणि मागच्या काचेत आतून चिकटवलेला हा नवा लाल दिवा सरळ तिच्याकडे बघत होता. विहिरीवरच्या बल्बाचं बरं होतं. पेटला की लाईट आली, विझला की गेली; त्या बल्बाकडे ओट्यावरून बघून तिनं चाळीस वर्षं माणसं पाण्यावर धाडली होती, उलट विचारायची कुणाची बिशाद नव्हती. हा मात्र आल्याचं सांगत होता की गेल्याचं…

"आई, हळूहळू लुकलुकला म्हंजी अलारम चालू हाय, सगळं ठीक," सकाळी कारखान्यावर जाताना कानिफनाथनं सांगितलं होतं, अगदी तिच्या तोंडासमोर वाकून. "भराभरा लुकलुकला म्हंजी गाडीला कुनी हात लावला. मंग रोहिणीला हाक मारायची."

"ठीक हाय तर डोळं कशाला मिचकावतंय? आन पुढं एक दिवा हाय की. एका कपाळाला दोन टिकल्या कुनी लावतं का रं?"

लेक हसला. दिवा बसवायला घोडेगावहून आलेला वाल्मिक मिस्त्रीही हसला. मग दोघं गाडीपाशी जाऊन बोलत राहिले, पाठमोरे. पाठमोरी बोलणारी माणसं तिला हल्ली आवडत नसत. सगळीच पुटपुटायला लागलीत, त्या मोबाईलनं जिभा जड झाल्यात एकेकाच्या. वाल्मिक तारा उचकटताना म्हणाला होता, "भोंग्याला तर…" — आणि पुढचं बोलताना खाली वाकला. भोंग्याला तर काय?

पुढचा दिवा रस्त्याकडं, ते समजलं. चोरानं बघावा आणि पुढं जावं. पण मागचा ओट्याकडं का? ओट्यावर काय चोर बसतोय? ओट्यावर मी बसते.

आणि मग तो शुक्रवार, नको म्हटलं तरी, वर आला. घोडेगावचा बाजार, कानिफनाथ गाय बघायला गेलेला, सून रोहिणी मळ्यात, आणि ती इथंच, ह्याच ओट्यावर, लसूण सोलत… तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरची लंकाबाई काठी घेऊन, धापा टाकत अंगणात. तिनं गाडीच्या बॉनेटवर चढलेली शेळी हुसकली आणि मग राहीबाईकडे बघत राहिली — काहीतरी चमत्कारिकच बघणं.

"आक्का, बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीय? तूच का पळत सुटलीस? शेळी कधी बगितली न्हाईस व्हय?"

लंकाबाई काही बोलली नाही. किंवा बोललीही असेल, तोंड वळवून. संध्याकाळी कानिफनाथ ओरखडे चाचपत म्हणाला, गाडी कोकलली न्हाई का? कोकलली असती तर मला कळलं नसतं व्हय, तिनं ताडकन सुनावलं, तुझं ते भोंगाडंच बिघडलंय, बोलाव मिस्त्रीला. ह्या घरात तिचा शब्द शेवटचा, मिस्त्री आला. पण भोंगा दुरुस्त करायला आला होता, तर दिवा लावून का गेला?

आणि लंकाबाई एक अख्खं शेत ओलांडून पळत आली, म्हणजे… म्हणजे काही नाही. वारा तिकडचा असेल.

तिनं सूप खाली ठेवलं. गाडीमागं गेली, आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी सणसणीत थाप डिकीवर मारली. दिवा भराभरा लुकलुकायला लागला. ती कान देऊन उभी राहिली. काहीतरी होतं… बारीक, लांब, रातकिड्यासारखं. पण ते तर हल्ली उठल्यापासून निजेपर्यंत डोक्यात असतंच. भोंगा असा असतो? की वाल्मिकनं वायर काढली आणि तशीच ठेवली? तसंच असणार, मिस्त्री लोकांचं काम कधी पुरं असतं. गोठ्यातलं वासरू दावं ताणून उभं राहिलं — पण ते माशी बसली तरी उभं राहतं. तिनं पत्र्यावर तळवा टेकवला. पत्रा थरथरत होता, की थाप मारलेला हातच?

रोहिणी दारात आली होती, हाताला पीठ. आवाजानं आली, की सासूला गाडीपाशी बघून? तिचे ओठ हलत होते. राहीबाईचे डोळे आपोआप त्या ओठांवर गेले, आणि तेव्हा तिला जाणवलं, की ते नेहमीच तिथं जातात — माझे डोळे हे असलं काम कधीपासून करायला लागले, मला न विचारता? "आत्या" एवढं दिसलं. मग रोहिणीनं मनगटानं तोंडावरचा घाम पुसला, आणि पुढचं त्याच्याआड गेलं.

एरवी तिनं ठोकून दिलं असतं, व्हय व्हय, कळलं, जा भाकरी बघ. ते दर वेळी जुळायचंच असं नाही, पण सासूचं बोलणं जुळलं का, हे विचारतंय कोण. आज ते आलंच नाही. घशापाशी येऊन थांबलं ते दुसरंच, ह्या उंबऱ्यात तिनं कधी कुणाला, नवऱ्यालासुद्धा, न विचारलेलं…

काय म्हणलीस?

हे आपण मोठ्यानं म्हणालो की मनात, तिला उमगेना. ती रोहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.