पडक्या घरांची छपरं

विनोदने पुण्याहून अख्खं पडकं गाव मागवलं, आणि तेही ऐन गणपतीच्या तोंडावर. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे कुणी सांगत नाही.

खेळ टेबलावरच्या लढाईचा. बोटभर उंचीचे सैनिक, फासे, आणि पट्टीने मोजत मोजत पुढे सरकायचं. रत्नागिरीत एके काळी चौघं खेळत. दोघं दुबईला गेले ते गेलेच. उरला स्वरूप. तोही नव्या मुंबईत, पण गणपतीला घरी आला की एक दुपार विनोदची, हे बारा वर्षं ठरलेलं. गेल्या वर्षी मात्र पुस्तकांचे डोंगर नि चहाच्या खोक्यांची घरं बघून त्याने जांभई दिली. "आमच्या तिकडच्या क्लबात खरी घरं असतात रे," म्हणाला. विनोदच्या ते जिव्हारी लागलं. हा एक गेला तर चाळिशीच्या कारकुनाने खेळायचं कुणाशी?

लेझरने कापलेल्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, शीट आल्या, जळकट वास मारणाऱ्या. भिंती, खिडक्या शीटमधून अलगद सोडवायच्या नि एकीचा दात दुसरीच्या खाचेत बसवायचा. पण इथली पावसाळी हवा! एमडीएफ फुगलं, दात खाचेत जाईनात. विनोद ऑफिसातून आला की पॉलिश पेपर घेऊन एकेक दात घासत बसे. दोन भिंती मोडल्या, त्या चिकटवून रबरबँडने बांधून ठेवल्या. आठवडाभरात गाव उभं राहिलं: एक गिरणी, सहा घरं. सगळी बॉम्ब पडून वरून उघडी, म्हणजे आत सैनिक ठेवता येतात.

"पडकी घरं पैसे देऊन आणलीस?" त्याची आई, नंदाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मेल्या, मला सांगायचंस. गावी, पावसला, आपल्या वाडीत फुकट दाखवली असती!"

तेव्हा तो हसला. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारातून फुलं घेऊन येतो तर काय, सातही इमारतींवर छपरं! जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, कौलांसारखा रंगवलेला, फेविकॉलने घट्ट.

"छपरं पाठवायला विसरला तो दुकानवाला मेला," आई कौतुकाने म्हणाली. "म्हटलं, स्वरूप यायचा नि घरं अशी उघडी?"

"तुला कुणी सांगितलं होतं?" विनोद एवढ्या मोठ्यांदा ओरडला की शेजारच्या दारात माणसं आली. "वाट लावलीस सगळ्याची! आता सैनिक आत कसे ठेवू?"

नंदाबाई आत जाऊन मोदकांसाठी नारळ खवायला बसली.

दुसऱ्या दिवशी स्वरूप आला. गणपतीला नमस्कार केला, मोदक घेतला. टेबल बघून त्याने शिट्टी वाजवली. "तू केलंस हे सगळं? भारीच!" छपरांकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"फासे काढू?"

"अरे, आर्मी विकली मी. पाडव्यालाच. वेळच होत नाही रे. तुला सांगायचं राहूनच गेलं."

पाडव्याला. विनोदने घरं मागवली त्याच्या कितीतरी आधी.

स्वरूपने टेबलाचा फोटो काढला, काकूंच्या पाया पडला आणि निघाला. बाहेर बायको-मुलं गाडीत बसून होती, गाडी चालूच होती.

विनोद टेबलापाशी उभा राहिला. रडू येत होतं त्याला, उगाच कशाला लपवायचं! नंदाबाई स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली.

"हलक्या हाताने काढते हो छपरं. मोडायचं नाय काही."

त्याने तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

"राहू दे, आई. आत कोण येणार आहे आता?"