मंत्र्याची तिरडी

सरोजिनीबाई जालन्याच्या कॉलेजात लोकसाहित्य शिकवायच्या. मोर्चेकरी पुढाऱ्यांच्या खोट्या प्रेतयात्रा काढतात ना, त्यांवर बाईंचं संशोधन चाललं होतं. शहागडला रस्त्यासाठी मंत्र्याची तिरडी निघणार हे कळताच त्या टेपरेकॉर्डर घेऊन आदल्या दिवशीच नंदाबाईकडे उतरल्या. नंदाबाईचा नवरा कचरू कधीकाळी ट्रकवर गेला, तो परतलाच नाही. तरी हिचं कुंकू ठसठशीत, हातभर बांगड्या.

जेवताना तिच्या दिरानं, सर्जेरावनं विचारलं. मोर्चाचा म्होरक्या तोच.

"बाई, बेपत्ता माणसाचा पुतळा जाळून त्याचं क्रियाकर्म करत्यात. आमचा पुतळा त्यातलाच का?"

बाईंची कळी खुलली. "अगदी तोच विधी! मडकं तेच, खांदेकरी तेच. फक्त नाव बदलतं."

बोलायला काय जातं हो! सर्जेराव मान डोलवत उठला. "वहिनी, पुतळ्याला दादाचा एखादा जुना सदरा द्या."

"मंत्र्याला माझ्या मालकाचा सदरा? लई मिजास झाली की त्याची!" म्हणत नंदाबाईनं हसत हसत काढून दिला.

दुसऱ्या दिवशी हलगी कडाडली. मोर्चा म्हणून बायाही नदीवर आल्या, "माझ्या मंत्र्या रेऽ" करून खोटं रडता रडता हसू लागल्या. पुतळा सरणावर ठेवला. भटजी पुटपुटू लागले तसा बाईंनी माईक त्यांच्या तोंडाशी नेला, आणि बाई चमकल्याच. भटजी नाव घेत होते ते कचरूचं. बाप रखमाजी, गोत्र, सगळं बराबर. तेवढ्यात सर्जेरावनं टोपी काढली. डोकं तुळतुळीत भादरलेलं!

अरे देवा, ही अक्कल आपणच दिली की! "नंदाबाई," बाई ओरडल्या, "हा मंत्री नाही! हे तुमच्या कचरूला जाळतायत!"

नंदाबाईनं सरणावरच्या सदऱ्याकडं पाहिलं. मंग एकदम गर्दी फोडून ती सरणापुढं गेली आणि हात उंचावून किंचाळली, "मंत्रीऽ..."

"मुर्दाबाद!" गर्दीला काय ठाऊक? शेकडो गळे उठले. आजवर मोर्चात कधी तोंड न उघडलेल्या सरोजिनीबाईही घसा फाडून ओरडल्या. भटजींचा आवाज पार बुडाला. सर्जेरावनं अग्नी दिला, पण कुणाला दिला ते त्यालाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सासू, म्हातारी द्वारकाबाई, पुढं आली आणि तिनं सुनेचं मनगट धरलं.

"सर्जेरावला बोल लावू नको. म्याच सांगितल्तं त्याला. पोरगं यील, यील म्हणून आजवर एक टिपूस काढलं न्हाई गं. आता दम न्हाई राह्यला. आज रडू दे मला."

सरोजिनीबाईंना वाटलं, आता बांगड्या फुटणार. त्यांनी डोळेच मिटले.

"रडा आत्याबाई, पोटभर रडा," नंदाबाई म्हणाली. "पण माझ्या बांगड्यांना हात लावू नका."

म्हातारीनं तिच्याच खांद्यावर डोकं टाकून हंबरडा फोडला. नंदाबाईनं एका हातानं तिला कवटाळलं, आणि दुसरा हात वर करून पुन्हा घोषणा दिली.