फळ्यावरचं गाव

गाव बदललं की ट्वायलाला तीन कामं करावी लागायची. पाण्याचा पाइप जोडायचा, मैल्याचा पाइप जोडायचा आणि दाराशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर आईसाठी नव्या गावाचं नाव लिहायचं. पहिल्या दोन कामांत चूक झाली तर लगेच कळतं, निदान नाकाला तरी कळतंच. तिसऱ्याचं तसं नव्हतं.

ट्वायला फिरती नर्स होती. ज्या हॉस्पिटलात माणसं कमी पडतील तिथे तेरा आठवडे काम करायचं आणि आठवडे संपले की गाडी पुढच्या गावाला हाकायची. गाडी म्हणजेच घर. अठ्ठावीस फुटांत पलंग, शेगडी, न्हाणीघर, जेवायचं टेबल आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. आर्कान्सातलं घर विकलं तेव्हा आईने, म्हणजे ओपलबाईंनी, एकच अट घातली होती: काही झालं तरी मला कुठल्या आश्रमात टाकायचं नाही. ट्वायलाने तेव्हा नुकती पन्नाशी ओलांडली होती, अंगात दम होता. तिने हसत हसत वचन देऊन टाकलं. त्याला आता चार वर्षं आणि अकरा गावं झाली होती. अंगातल्या दमाचं काय झालं ते विचारू नका.

आईचं अलीकडे थोडं इकडचं तिकडे व्हायला लागलं होतं. शेगडी चालू राहायची. नात्यातलं कोण गेलं आणि कोण आहे याची गल्लत व्हायची, आणि गेलेल्यांवर तिचा राग मात्र ताजा असायचा. म्हणून फळा. हॉस्पिटलात पेशंटच्या खोलीत असतो तसाच, ट्वायलाने दुकानातून आणून दाराशेजारी ठोकलेला. आज वार कोणता, गाव कोणतं, ट्वायला किती वाजता येईल, आणि खाली अधोरेखित: शेगडीला हात लावू नकोस.

वायोमिंगातल्या ड्राय फोर्कला त्या रविवारी संध्याकाळी पोचल्या तेव्हा असा वारा सुटला होता की गाडीचं दार उघडायला दोघींना जोर लावावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ट्वायलाची ड्यूटी. नवं हॉस्पिटल म्हणजे नवी कपाटं, नवा संगणक, औषधांच्या खोलीच्या कुलपाचा नवा आकडा आणि तोंडावर गोड हसणाऱ्या पण नाव लक्षात न ठेवणाऱ्या नव्या बाया. संध्याकाळी साडेसातला ती गाडीत शिरायची, आईने उघडून ठेवलेलं डब्यातलं सूप तसंच गार प्यायची आणि बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटायची. बूट पायातच.

सोळाव्या दिवशी, मंगळवारी, तिला शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पाठवलं. फिरत्या नर्सचं असंच असतं. कुठे माणूस कमी पडलं की आधी तिला पिटाळतात आणि सगळ्यांत जड पेशंट तिच्या गळ्यात बांधतात. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. जी जाणारच आहे तिची मर्जी राखून कुणाला काय मिळणार? ट्वायलाने नेहमीप्रमाणे वाट्याला आलेल्या सहाही खोल्यांमधले फळे पुसून नवे लिहिले, सगळ्यांची चौकशी केली, आणि सव्वाअकराला तळमजल्यावरच्या तातडीच्या विभागातून फोन आला. तुमची आई इथे आहे. जिवंत आहे, हे त्यांनी दुसऱ्या वाक्यात सांगितलं. नर्सला फोन करताना तरी पहिल्या वाक्यात सांगावं, असं तिला जिन्यावरून उतरताना वाटत राहिलं.

ओपलबाई पलंगावर बसल्या होत्या. उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. गाडीच्या घडीच्या पायऱ्यांतली शेवटची पायरी महिनाभर डुगडुगत होती, तिच्यावरूनच त्या पडल्या होत्या. ट्वायला घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला विचारायची, दाराशी पायऱ्या किती आहेत, कठडा आहे का. स्वतःच्या दाराची पायरी तिने येत्या सुटीवर टाकली होती, आणि तीन सुट्या झोपेत गेल्या होत्या.

समाजसेविका मार्सेला वही घेऊन आली. ठेंगणी, नीटस बाई, आवाजात घाई नसलेली. तिने ट्वायलाकडे बघून फक्त पडद्याकडे मान हलवली. घरच्या माणसांना बाहेर काढून पेशंटला काही प्रश्न विचारायचे असतात. आजवर ट्वायलाने शेकडो मुलींना आणि नवऱ्यांना असं बाहेर काढलं होतं. आता ती स्वतः पडद्यामागे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसारखीच कान देऊन ऐकू लागली.

आधी नाव विचारलं, ते आईने तिन्ही नावांसकट सांगितलं. मग मार्सेलाने विचारलं, "आजी, आपण आत्ता कोणत्या गावात आहोत?"

"एल्डन. कॅन्सस."

"आणि आज वार कोणता?"

"रविवार."

पुढे घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का, असं विचारलं, तेव्हा आईने पायरी सोडली तर बाकी झकास आहे म्हणून सांगितलं. पण ट्वायलाचं तिकडे लक्षच नव्हतं. एल्डन मागचं गाव होतं, दुसऱ्या राज्यातलं. गाव चूक, वार चूक. कागदावर कोणत्या दोन चौकटींत फुल्या पडल्या ते तिला पडद्यामागूनही दिसत होतं.

मार्सेलाने तिला बाजूला नेऊन शांतपणे समजावलं. हाड मोडलेलं नाही. पण आपण कुठे आहोत हे ज्यांना सांगता येत नाही त्यांना बारा बारा तास एकटं सोडून मी घरी पाठवू शकत नाही. चाळीस मैलांवर विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र आहे, चांगलं आहे, आणि तिथे आज एक खाट रिकामी आहे. चार वाजेपर्यंत ती आपल्यासाठी धरून ठेवतील. तुझी सही लागेल.

ट्वायलाला हायसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. आधी हायसं वाटलं, अगदी पोटापासून, आणि नंतर त्या हायसं वाटण्याची शरम वाटली. वचन आठवलं ते त्याच्याही नंतर.

आईचा चष्मा आणि औषधांची यादी आणायला ती गाडीकडे निघाली. गाड्यांचा तळ हॉस्पिटलच्या मागेच होता, दहा मिनिटांच्या चालीवर. शेजारच्या गाडीतला म्हातारा लाइल तिच्या दारापुढे गुडघ्यांवर बसून पायरीला हातोडी मारत होता. तिला पाहून तो उठलाच नाही, तसाच बोलत राहिला. तो रोज दहाच्या आत ओपलबाईंना पेपर आणून द्यायचा. आज दाताच्या डॉक्टरकडे उशीर झाला, आणि त्या पेपर घ्यायला उतरल्या असाव्यात.

"आता मारतोय खिळा," तो म्हणाला. "सकाळी मारला असता तर काही कामाचा होता. तू चिडलीस तरी चालेल मला."

ट्वायला म्हणाली की चिडायलाही ताकद लागते. ती आत गेली, चष्मा उचलला, वळली आणि दाराशेजारी तिला फळा दिसला.

आज रविवार. गाव: एल्डन, कॅन्सस. शेगडीला हात लावू नकोस.

अक्षर तिचंच. सोळा दिवसांत ड्यूटीच्या प्रत्येक सकाळी तिने त्याच फळ्यापुढे उभं राहून कोट चढवला होता. आणि परक्या माणसांचे सहा फळे आज सकाळीच पुसले होते. ती आईच्या पलंगावर बसली. म्हणजे आईला विसर पडला नव्हता. आईने लेकीने लिहिलेलं वाचलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

कुणाला कळणार नव्हतं. कापडाचा एक हात फिरवला की झालं. किंवा काहीच न करता गप्प बसलं, सही केली, तर आजच्या संध्याकाळपासून झोप. नुसती झोप. मग तिने उठून चमच्याच्या दांड्याने फळ्याचे स्क्रू सोडवले, फळा काखेत मारला आणि वाऱ्यात चालू लागली. फळा वाऱ्याने सारखा हिसके देत होता आणि लाइल हातोडी धरून तिच्याकडे बघत राहिला.

"हे काय उचलून आणलंस?" आईने विचारलं.

"आई, चूक माझी आहे. मी फळा बदललाच नाही. तू बिचारी त्यावरचं वाचून सांगितलंस. मी मार्सेलाला दाखवते, मग तुला कुठेही जावं लागणार नाही."

"पडदा ओढ आधी," ओपलबाई म्हणाल्या. "आणि बस. उभी राहून डुलतेयस."

ट्वायला बसली.

"गाव ड्राय फोर्क. राज्य वायोमिंग. वार मंगळवार. लाइलच्या पेपरावर रोज वीतभर अक्षरात छापलेलं असतं. मी काय आंधळी आहे?"

"मग एल्डन का सांगितलंस?"

"तू नर्सिंग शिकत होतीस तेव्हा ते प्रश्न कुणावर घोकलेस गं? स्वयंपाकघरात, रोज संध्याकाळी, मी बटाटे सोलत असताना. कोणतं उत्तर चुकलं की माणसाला ठेवून घेतात, तेही तूच मला सांगायचीस."

ट्वायलाला ते टेबल आठवलं, बटाट्यांची सालं आठवली, आणि मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन तिला हसवणारी आईही आठवली. ती म्हणाली, "पण अट तूच घातली होतीस."

"घातली होती. तेव्हा तू बूट काढून झोपायचीस." ओपलबाईंनी चांगल्या हाताने पांघरूण सारखं केलं. "परवा हातात घास धरून झोपलीस. मी तो काढून घेतला, तुला कळलंसुद्धा नाही. फळ्याचं म्हणशील तर मी पहिल्या दिवसापासून बघतेय. म्हटलं, आज बदलेल, उद्या बदलेल. मी विसरले तर ठीक आहे, पोरी, माझं वय झालं. तू विसरायला लागलीस तेव्हा मला भीती वाटली."

पायरीवरून मुद्दाम पडलीस का, असं विचारायचं ट्वायलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. आईने ते ओळखलं आणि इतकी काही मी हौशी नाही, असं सांगून टाकलं. पडल्यावर मात्र वाटलं, आलोच आहोत तर काम करून घ्यावं.

साडेतीनला मार्सेला कागद घेऊन आली. ट्वायलाने फळा तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. मार्सेलाने फळा वाचला, मग ओपलबाईंकडे वळून पुन्हा विचारलं, "आजी, गाव कोणतं हे?"

"एल्डन," ओपलबाई लेकीच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या.

"आई."

"बरं, ड्राय फोर्क. वायोमिंग, मंगळवार. ही ऐकत नाही म्हणून सांगतेय. लहानपणापासून हिला दुसऱ्याने केलेलं काही घेताच येत नाही."

मार्सेलाने सहीचा कागद दुमडून वहीत सारला. म्हणाली, असं असेल तर मी त्यांना अडवू शकत नाही, घरी जातील असं लिहिते. तिने पेन टेकवलं. जिंकल्यावर इतकं थकायला होतं हे ट्वायलाला माहीत नव्हतं. आता उद्या पाच वाजता उठायचं, पाइप गोठला असेल तर मोकळा करायचा, फळा परत ठोकायचा. अजून अकरा आठवडे, आणि मग आणखी एक गाव.

"थांब जरा," ओपलबाई म्हणाल्या. "तो शेवटचा प्रश्न तू फक्त मला विचारलास. हिलाही विचार."

"कोणता, आजी?"

"घरी सुरक्षित वाटतं का तो. घरचं माणूस बाहेर काढून विचारायचा असतो ना? मला काही उठून जाता येत नाही. पण हे घे."

आणि त्यांनी डाव्या हाताने आधी एका कानातलं यंत्र काढलं, मग दुसऱ्या कानातलं. दोन्ही गोळ्यांच्या कागदी पेल्यात टाकली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. बाहेर वारा होता, पण आता त्यांना तोही ऐकू येत नव्हता.

मार्सेलाने एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग नवं पान काढून, कुठलाही पेशंट असावा तशा आवाजात तिने विचारलं, "ट्वायला, घरी तुला सुरक्षित वाटतं का?"

हा प्रश्न ट्वायलाने हजारो लोकांना विचारला होता. बहुतेक वेळा त्यांचं हो ऐकायच्या आतच तिने खूण केलेली असायची. आताही हो तोंडात तयारच होतं.

"नाही," ती म्हणाली. इतकं हळू की स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. मग आई ऐकत नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "नाही. मला हे आता जमत नाही."

मार्सेलाने ते लिहून घेतलं नाही. तिने फोन उचलला आणि ती खाट सहापर्यंत धरून ठेवा, आम्ही अजून बोलतोय, असं कुणाला तरी सांगितलं. ट्वायला खुर्चीत मागे टेकली. थोड्या वेळाने ती वाकली आणि तिने बूट काढले.