कुलूप लावल्यानंतर

तिसरा स्क्रू लाकडात शिरेना, तेव्हा स्टोअरकीपरने तो साबणाच्या वडीत खुपसून पुन्हा लावला. मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा होता. भिंतीतल्या छोट्या कपाटाला कडी-कोयंडा बसत होता.

“बाबा, किल्लीचं कुलूप नका लावू,” मुलगा म्हणाला. “साध्या पिनेनं उघडतं. नंबरचं घ्या.”

“तुला काय माहीत?”

“आमच्या गोदामात लॉकरना हीच आहेत. रोज कोणीतरी किल्ली हरवतं.”

सल्ला रास्त होता. स्टोअरकीपर दुकानात जाऊन कुलूप बदलून घेऊन आला. नंबर जुळवताना त्याने मुलाकडे पाठ केली. संशय म्हणून नव्हे, पद्धत म्हणून. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस होता तो. खुद्द मॅनेजरलाही त्याने मागणीपत्राशिवाय कधी नट दिला नव्हता, आणि निरोपसमारंभात मॅनेजरने हे जरा जास्तच वेळ सांगितलं होतं.

कपाटात खालच्या फळीवर बायकोच्या दोन बांगड्या आणि मनगटी घड्याळ ठेवलं. वरच्या फळीवर तिच्या दुखण्यावरच्या जहाल गोळ्या. आजार हाडांत उतरल्यापासून डॉक्टर तिला वेगळ्या कागदावर, दोन सह्या करून त्या लिहून देत. सकाळी आठला एक आणि दुपारी चारला एक. महिनाभर त्या पलंगाशेजारच्या खणात होत्या. महिन्याच्या शेवटी मोजल्या तर अकरा कमी भरल्या. तिला तर रोज वेळेवर मिळाल्या होत्या. म्हणजे अकरा गोळ्या दुसऱ्याच कोणाच्या पोटात गेल्या होत्या.

घरात माणसं चार. एक अंथरुणाला खिळलेली, एक मोजणारा, एक मुलगा, आणि दिवसभर बायकोचं सगळं बघायला येणाऱ्या बाई. स्टोअरकीपरने वजाबाकी केली आणि बाईंना स्वयंपाकघरात बोलावलं.

“बाई, उद्यापासून येऊ नका.”

बाई ओले हात पुसत होत्या. त्यांनी ते पूर्ण पुसून घेतले.

“ताईंना विचारलंत?”

“तिला कशाला त्रास?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “माझी पिशवी बघून घ्या साहेब. मग बाहेर तुम्ही म्हणाल, बघायची राहिली.”

त्याने पिशवी बघितली. डबा, कंगवा, घरातली चप्पल. बाई जाताना बायकोच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी कपाटाच्या नव्या कडीकडे बघितलं.

“मजबूत बसलीय,” त्या म्हणाल्या. “कपाट काही कुठं जात नाही आता.”

त्यानंतरचे दोन आठवडे स्टोअरकीपरच्या मते आदर्श होते. आठ वाजता नंबर जुळवायचा, गोळी पाकिटातून तळहातावर काढायची, ती बायकोच्या हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा, ती प्यायली की वहीत वेळ लिहायची. चार वाजता पुन्हा तेच. एकही गोळी कमी नव्हती. त्याने हे मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, “बघा.”

एवढंच खटकत होतं की बायकोचं दुखणं मात्र वाढलं होतं. पाच वाजले की ती चादरीचा कोपरा तोंडात धरायची. सहाला भिंतीकडे वळायची आणि पायाचा अंगठा पलंगाच्या दांडीवर घासत राहायची. त्या जागेचा रंग उडाला होता. तो विचारायचा, “गोळी लागू पडत नाही का?” ती म्हणायची, “पडते की. तुम्ही जा, बातम्या लागल्या असतील.”

बाई नसल्यामुळे तिची कूस बदलणं, अंथरूण झाडणं आता त्याच्याकडे आलं होतं. तो ते काम नियमाने आणि वाईट करत असे. एके दिवशी साडेचारला उशीचा अभ्रा बदलताना चष्म्याची डबी खाली पडली आणि उघडली. चष्मा तर तिच्या नाकावर होता. डबीत कागदी रुमालाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक गोळी होती. एका बाजूने ओली, थोडी विरघळलेली.

ती डोळे मिटून पडली होती. त्याने गोळी होती तशी गुंडाळली, डबी उशीखाली ठेवली. स्टोअरमध्ये असा माल सापडला की तो हलवायचा नाही, उचलायला कोण येतं ते बघायचं, हा नियम त्याने स्वतःच केला होता.

सातला मुलगा कामावरून आला. हातपाय धुऊन आईच्या खोलीत गेला.

“आई, दे, चष्मा पुसून देतो.”

गेले दोन आठवडे तो रोज आईचा चष्मा पुसत होता. स्टोअरकीपरला त्याचं कौतुक वाटायचं. फोनवर त्याने ते मेव्हण्यालाही सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी गोदामात शिडीवरून पडून मुलाची कंबर मोडली, तेव्हा त्यालाही असल्याच गोळ्या होत्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बंद केल्या. मुलगा म्हणाला, बंद झाल्या. कागद बंद झाला म्हणजे गोष्ट बंद झाली, यावर घरात एकाच माणसाचा विश्वास बसला होता.

मुलगा आंघोळीला गेल्यावर स्टोअरकीपरने डबी उघडली. रिकामी होती.

तो पलंगाच्या कडेला बसला.

“तुला दुखत नाही का?”

“दुखतं.”

“मग?”

“त्याला घरात नाही मिळाली तर तो बाहेर शोधतो,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी शोधली होती. कोणाकडून काय घेतलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. दोन दिवस ओठ निळे होते. तुम्ही तेव्हा लग्नाला गेला होतात.”

“मला कोणी बोललं नाही.”

“तुम्हाला काही सांगायचं म्हणजे तीन प्रतींत सांगावं लागतं.”

हसताना तिला कळ आली. कळ जाईपर्यंत दोघेही थांबले.

“खणातून तो नेत होता तेव्हा बरं होतं हो,” ती म्हणाली. “माझी मला मिळत होती.”

“आणि बाई?”

“त्यांना माहीत होतं. मीच गप्प राहा म्हटलं.”

बाईंना परत बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. डॉक्टरांना सांगायचं तर मुलाला नेऊन कुठेतरी भरती करावं लागलं असतं. गेल्या वर्षी त्या लग्नाच्या वेळी बायकोने त्याला भरती करवलं होतं आणि मुलगा तिथल्या खिडकीतून निघून आला होता, हेही स्टोअरकीपरला तिच्याकडून आत्ता कळलं. तिकडे खेपा घालायच्या तर दुपारी बायकोजवळ कोणी राहायचं, हा प्रश्न तर होताच. त्याच्याकडे चौतीस वर्षांचा अनुभव होता आणि त्यातलं काही या कामाचं नव्हतं.

गुरुवारी तो डॉक्टरांकडे गेला.

“दुखणं कसं आहे?”

“वाढलंय,” स्टोअरकीपर म्हणाला.

“कधी जास्त?”

“चारनंतर. एका गोळीनं भागत नाही.”

डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे चौतीस वर्षांचा सरळपणा होता. त्यांनी वेगळा कागद ओढला, दुपारच्या एका गोळीच्या दोन केल्या आणि दोन सह्या केल्या. गरजेपेक्षा जास्तीची मागणी स्टोअरकीपरने आयुष्यात पहिल्यांदाच लिहवून घेतली होती. ती इतक्या सहज मंजूर झाली की त्याला कारखान्यातल्या कित्येक माणसांबद्दल नव्याने विचार करावासा वाटला.

चार वाजता त्याने नंबर जुळवला.

“ही आत्ता. माझ्यासमोर.”

तिने गिळली. न सांगता आ करून दाखवलं, जीभ उचलूनही. त्याने मान हलवली. दुसरी गोळी त्याने तिच्या हातावर ठेवली नाही.

सातला मुलगा आला, हातपाय धुतले, आणि आईच्या खोलीकडे निघाला. स्टोअरकीपर जेवणाच्या टेबलाशी बसला होता.

“तिला उठवू नकोस,” तो म्हणाला. “आत्ताच डोळा लागलाय.”

त्याने चष्म्याची डबी टेबलावरून पुढे सरकवली.

मुलगा उभाच राहिला. आत आईचा श्वास लांब, संथ चालला होता. इतक्या दिवसांत हा आवाज या घरात नव्हता. मुलाने डबी उचलली. उघडली नाही. ती हातात नुसती धरून तो वडिलांकडे बघत राहिला, काही विचारतील म्हणून.

वडिलांनी त्याच्यापुढे ताट ठेवलं.

“आधी जेवून घे,” ते म्हणाले. “रिकाम्या पोटी घेऊ नये ती.”