माथ्याच्या अलीकडे

हाल्वार पुन्हा खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडून नव्याने बांधू लागला. चढ सुरू झाल्यापासून ती नाडी काही केल्या नीट बसत नव्हती. सिग्ने मागे उभी राहून नवऱ्याच्या खांद्यांकडे पाहत होती. ते भात्यासारखे वरखाली होत होते.

बर्फ वितळायच्या सुमारास त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण खाडीकाठच्या सपाट रस्त्यावर. डोंगराचं नाव काढलं की सिग्ने नाही म्हणायची, आणि ती नाही म्हणाली की तो हट्टाला पेटायचा. अशात तिच्या शाळेच्या शिक्षक-देवाणघेवाणीत मलावीहून तामांडा नावाची तरुण शिक्षिका आली, त्यांच्याच घरी उतरली, आणि हाल्वारला आयतं निमित्त सापडलं. पाहुणीला डोंगर दाखवल्यावाचून पाठवायचं कसं?

"ती दगडांची रास दिसते ना, तोच माथा," त्याने काठीने दाखवलं. "तिथून समुद्र दिसतो."

"मागच्या वळणावरही तुम्ही हेच म्हणालात," तामांडा म्हणाली.

"तेव्हा लांब होता. आता जवळ आलाय."

सिग्ने हसली, पण तिचं लक्ष त्याच्या ओठांकडे होतं. त्यांचा रंग उतरला होता. फिरू या मागे, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तिने ते गिळले. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं ती शिकली होती : आपण मागे म्हटलं की हा वरच जाणार, तेही धावत.

तेवढ्यात तामांडाने पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि एका खडकावर बसकण मारली.

"संपले माझे पाय. आता एक पाऊलही नाही."

"अगं, आलाच की माथा!" हाल्वार म्हणाला.

"तुम्ही दोघं जाऊन या. मी बसते इथंच. जनावरं नाहीत ना?"

"मेंढ्या आहेत. पाव पळवतात मेल्या."

हाल्वारने माथ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाहुणीला डोंगरावर एकटं सोडणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. तो तिच्याशेजारी टेकला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे, पोरी. मागे फिरण्यात लाज कसली? डोंगर काही पळून जात नाही."

मग कॉफी निघाली, तपकिरी चीज घातलेले पाव निघाले. वारा पडला होता. ऊन पाठीवर छान लागत होतं. कुणालाच उठायची घाई नव्हती.

उतरताना एका दलदलीपलीकडच्या चढावर पिवळी रानफळं पिकलेली दिसली. तामांडा आनंदाने ओरडली, गवताच्या पुंजक्यापुंजक्यांवरून उड्या मारत पलीकडे गेली आणि शेळीसारखी तो चढ चढली.

सिग्ने बघतच राहिली. हाल्वारने हे पाहू नये असं तिला वाटलं. तिने घाईने वळून बघितलं, तर तोही तिकडेच पाहत होता.

"पाय संपले म्हणे," तो म्हणाला.

सिग्नेला वाटलं, आता हा काठी आपटणार, घरी जाऊन तोंड फुगवून बसणार. तिकडे तामांडा भरली ओंजळ सांभाळत हळूहळू खाली येत होती.

"सिग्ने, जरा बसू या."

"का रे? दमलास?"

"हो, दमलो," हाल्वार म्हणाला, आणि बाजूला सरकून त्याने तिला जागा करून दिली.