तेहतीस फुटी ट्रेलर आणि समोरची जागा

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या समोर राहणाऱ्या ऑरेस्ट ह्रित्साकने प्रवासात राहण्यासाठी घेतलेला तेहतीस फूट लांबीचा नवा ट्रेलर आपल्या ड्राइव्हवेत उलटा घालण्यास प्रारंभ केला. ‘घालण्यास’ हा शब्द मी केवळ सौजन्यापोटी वापरतो. पुढचा दीड तास त्याने जे केले, त्याला नाव द्यायचे झाल्यास फार कठोर शब्द निवडावा लागेल.

कॅनडातल्या यॉर्कटनमधला आमचा रस्ता अर्धचंद्राकृती आणि अरुंद आहे. घरांच्या मागे गल्ली नाही, त्यामुळे ज्याला जे आत न्यायचे ते समोरूनच न्यावे लागते. ऑरेस्टपाशी पूर्वी एकोणीस फुटांचा ट्रेलर होता. तो लहान असल्याने चटकन वळे, रस्त्याच्या रुंदीत मावे, आणि ऑरेस्टला आपण या विद्येत पारंगत आहोत असा भ्रम होण्यास पुरेसा होई. लांब ट्रेलरचे गणित वेगळे असते. तो उशिरा वळतो, वळू लागला की थांबत नाही, आणि त्याला सरळ करायचे तर ओढणाऱ्या पिकअपचे तोंड पार रस्त्यापलीकडे न्यावे लागते. आमच्या रस्त्यावर ‘पलीकडे’ म्हणजे माझा ड्राइव्हवे. त्याच्या तोंडाशी माझी गाडी उभी होती. ती सकाळपासून तिथेच होती. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती, आणि मुद्दाम हलवलीही नाही.

यामागचे कारण सांगणे भाग आहे. चार हिवाळ्यांपूर्वी ऑरेस्टने आपल्या अंगणातला बर्फ यंत्राने फेकताना यंत्राचे तोंड माझ्या बाजूला वळवले आणि मी पहाटेपासून साफ केलेली जागा गुडघाभर भरून टाकली. मी त्याला दोन शब्द सुनावले, त्याने मला तीन सुनावले, आणि तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो.

त्या दिवशी सकाळी मात्र माझे नाव त्याच्या अंगणात उच्चारले गेले. सहा महिने बंद असलेल्या खिडक्या आमच्याकडे मे महिन्यात उघडतात, आणि मग कोणाचे बोलणे कोणापासून लपत नाही. डार्लीन, त्याची बायको, चर्चच्या तळघरात इतर बायकांबरोबर पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला निघाली होती. गाडीच्या दारापाशी थांबून ती म्हणाली, “तुला कॉर्नीची जागा लागणार आहे. जाऊन विचार त्याला.”

“लागणार नाही,” ऑरेस्ट म्हणाला. “मी नऊ वर्षांचा असल्यापासून धान्याच्या गाड्या मागे घेतोय.”

“त्या शेतात घ्यायचास. शेताला समोर शेजारी नसतो.” तिने गाडीचे दार उघडले. “नीट ऐक ऑरेस्ट. लेकीकडे, पार समुद्रापर्यंत जायचं, मध्ये डोंगर, दोन महिने रोज नवी जागा, रोज कुणाला तरी काही विचारायचं. तुला समोरच्या माणसाकडे गाडी बाजूला घे म्हणून सांगता येत नसेल, तर मी विमानाने जाते तिच्याकडे. तू घेऊन ये तुझा ट्रेलर एकटा.”

“आत घातला की झालं ना?”

“आत घालायचं मी म्हणाले नाही. विचार, असं म्हणाले. पाच वाजता येते.”

असा तो सौदा होता, आणि मला तो शब्दशः ठाऊक होता. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो. प्रेक्षक म्हणून नव्हे. माझ्याच अंगणात बसण्याला प्रेक्षक होणे म्हणत नाहीत.

पहिल्या प्रयत्नात ऑरेस्टने जुन्या ट्रेलरच्या काळी रस्त्यावर आखलेल्या खुणेपासून स्टीअरिंग फिरवले. ती खूण एकोणीस फुटांसाठी होती. तेहतीस फुटांनी तिला मुळीच जुमानले नाही आणि ट्रेलर शांतपणे शेजारच्या हिरवळीकडे निघाला. दुसऱ्या वेळी त्याने घाबरून फार लवकर फिरवले. तिसऱ्या वेळी फार उशिरा. मी वाहन परवान्याचा परीक्षक होतो; माझ्याकडे परीक्षेला येणारी सतरा वर्षांची मुले निदान चुकीत सातत्य ठेवीत.

चौथ्या प्रयत्नाच्या वेळी कोपऱ्यावरचा ट्रेंट कॉफीचा मग घेऊन आला. ट्रेंटला कोणत्याही विषयावर मत असते आणि ते तो हातवारे करून मांडतो.

“डावीकडे, ऑरेस्ट. तुमच्या डावीकडे. नाही, ट्रेलरच्या डावीकडे.”

“ट्रेलरची डावी म्हणजे कुठली?” पिकअपमधून आवाज आला.

“जी तुमची उजवी.”

“मग उजवी म्हण ना.”

“मागे तोंड केलं की ती डावी होते. मी मागून बघतोय ना.”

“तू बाजूला हो. आरशात मला तुझा मगच दिसतोय फक्त.”

ट्रेंट बाजूला झाला, आणि जिथे झाला तिथे ट्रेलर यायचा होता. मग दोघेही थांबले. ट्रेंट रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

“कॉर्नी, तुमची गाडी हलवली तर होईल की त्याचं.”

“होईल.”

“मग?”

“मला कोणी विचारलेलं नाही.”

“मी विचारतो.”

“ट्रेलर तुझा आहे का?”

ट्रेंटने माझ्याकडे, मग समोर पाहिले. “तुम्ही दोघं म्हणजे एकेक नमुने आहात,” असे म्हणून तो घरी गेला. जाण्याचे कारण वेगळे होते. त्याची कॉफी संपली होती.

यानंतर ऑरेस्टचे प्रयत्न अधिकाधिक करुण होत गेले. तो खाली उतरे, ट्रेलरभोवती फेरी मारी, कमरेवर हात ठेवून चाकांकडे पाही. जणू चूक चाकांची होती. माझ्या गाडीकडे मात्र त्याने एकदाही पाहिले नाही. अरुंद रस्त्यात नेमके समोर उभे असलेले हिरवे वाहन दीड तास न पाहणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. त्यासाठी मान एका विशिष्ट अंशात ताठ ठेवावी लागते. हे कौशल्य त्याने स्टीअरिंगवर खर्च केले असते तर सगळा प्रकार पहिल्या दहा मिनिटांत संपला असता.

पाचव्या वेळी मागचे चाक पदपथाच्या कडेवर चढले. सहाव्या वेळी डार्लीनने लावलेल्या रेवाचिनीच्या रोपांच्या वाफ्यातून गेले. सातव्या वेळी त्याने पुढे सरकण्यास जागा नसताना हट्टाने मागे दाबले. पिकअप आणि ट्रेलर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर दुमडले, आणि ट्रेलरचा नवा पांढरा कोपरा पिकअपच्या मागच्या पत्र्याला लागला. आवाज फार मोठा नव्हता. एखादे झाकण पायाखाली यावे तसा.

ऑरेस्टने इंजिन बंद केले आणि तो आतच बसून राहिला.

मी उठलो. यात दयेचा अंश होता असे कोणी समजू नये. चांगल्या यंत्राची अशी विटंबना बघण्याची माझी शक्ती संपली होती, एवढेच. मी गाडी काढली, वळणापुढे रस्त्याकडेला लावली आणि परत येऊन खुर्चीत बसलो. त्याच्याकडे मी पाहिले नाही. माझ्या मोकळ्या ड्राइव्हवेकडे तो मिनिटभर पाहत होता, हे मला न पाहताही कळले.

मग त्याने इंजिन सुरू केले, ट्रेलर सरळ केला, आणि पिकअपचे तोंड थेट माझ्या अंगणात आणले. ते माझ्या खुर्चीपासून दहा फुटांवर थांबले. काचेच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. चार वर्षांत त्याचे केस फार पांढरे झाले होते. आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही. तो मागे जाऊ लागला, आणि लांब ट्रेलर जसा जायला हवा तसा, सावकाश, एका दमात, आपल्या जागी गेला.

माझ्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. माझ्या मते प्रकरण इथे संपले होते. ऑरेस्टच्या मते नव्हते. तो खाली उतरला, हात पँटला पुसले, रस्ता ओलांडला आणि माझ्या हिरवळीच्या कडेला, पाय आत न ठेवता, उभा राहिला.

“कॉर्नी.”

“बोल.”

“तुझी गाडी जरा बाजूला घेशील का?”

मी ड्राइव्हवेच्या मोकळ्या तोंडाकडे पाहिले. मग त्याच्याकडे.

“घेतली.”

“ते दिसतंय मला. मी विचारतोय.”

“काम झाल्यावर?”

“विचार, असं म्हणालीय ती. कधी, ते म्हणाली नाही.”

सव्वीस वर्षांत उमेदवारांनी माझ्यापुढे नाना सबबी मांडल्या. सूर्य डोळ्यांवर होता, बूट नवीन होते, आजी वारली होती. परंतु तांबडा दिवा ओलांडून गेल्यावर मागे येऊन त्याची परवानगी मागणारा इसम मी प्रथमच पाहत होतो.

“आणि मी नाही म्हणालो तर?”

त्याने विचार केला. तो खरोखर विचार करीत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

“तर बाहेर काढतो.”

“बाहेर काढायलाही माझीच जागा लागेल.”

“हो. म्हणजे ते पण विचारायला लागेल.” त्याने मानेवरून हात फिरवला. “बघ बाबा, लवकर काय ते सांग. ती येईल एवढ्यात.”

“बर्फाचं काय?”

“यंत्राचं तोंड तिकडे वळलेलं होतं.”

“आपोआप?”

तो आपल्या बुटांकडे पाहत राहिला. “मी वळवलं होतं,” तो म्हणाला. “बरोबर तुझ्याच दिशेने.”

हे चार वर्षांपूर्वी सांगितले असते तर मी कदाचित थोर मनाने वागलो असतो. आता इतकेच म्हणालो, “घे. वापर जागा.”

“आभारी आहे.”

“त्यात काय. तू आधीच वापरलीयस.”

डार्लीन पाचाला पाच कमी असताना आली. तिच्या बाहीवर कोपरापर्यंत पीठ होते. तिने प्रथम ट्रेलर पाहिला, मग त्याचा खरवडलेला कोपरा, मग चिरडलेला वाफा, आणि शेवटी रस्त्याच्या दोन बाजूंना उभे असलेले आम्ही दोघे.

“विचारलंस?”

“विचारलं,” ऑरेस्ट म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. “आला होता हा?”

“आला होता.”

“आत घालायच्या आधी?”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते देण्यास मी अत्यंत लायक मनुष्य होतो. निकाल सांगताना माझा आवाज कधीही कापला नाही. मी तोंड उघडलेही.

“नंतर,” ऑरेस्ट म्हणाला.

तो पुढे म्हणाला, “त्याने न विचारता हलवली. मी घातला. मग गेलो विचारायला.”

“किती वेळाने?”

“दोन मिनिटं असतील.”

“दोन मिनिटं.” तिने बाहीवरचे पीठ झटकले. “माझ्या भावाशी बोलायला तुला अकरा वर्षं लागली होती.”

“हो.”

“आणि तेही तो दवाखान्यात होता म्हणून.”

“हो गं.”

ट्रेलरसारख्या अवजड वस्तूबरोबर दीड तास झगडून जो घाम त्याला आला नव्हता, तो आता त्याच्या कपाळावर होता.

“मंगळवारी निघू,” ती म्हणाली. “तो कोपरा त्याआधी नीट करून घे.” मग रस्त्यापलीकडून माझ्याकडे पाहून, आवाज जराही न चढवता, “आणि कॉर्नी, तू किती वेळ बसला होतास तिथे?”

“दीड तास.”

“सगळं बघत?”

“माझ्याच अंगणात.”

“बरं,” ती म्हणाली. आयुष्यभर मी लोकांना ज्या सुरात नापास केले, तो सूर मला नीट ओळखता येतो.

ट्रेलर डाव्या कडेकडे वीतभर तिरका लागला होता. ही चूक मी त्याच्या तेव्हाच लक्षात आणून दिली असती. परंतु ऑरेस्ट पायरी खाली ओढून दार धरून उभा होता, आणि डार्लीन आत जाऊन एकेक खिडकी उघडू लागली होती.